चौरेघी वहीतली सही

३ फेब्रुवारी
निकाल आला. अठरा टक्के. वीस लागतात. वीसच्या खाली माजी सैनिकाला अपंगत्वाचं पेन्शन नाही, मदतनीस भत्ता नाही. नुसतं एक पत्र मिळतं.

पत्रात मेडिकल बोर्डाने कारणं दिली आहेत. हातापायांच्या नसा बर्फातल्या पोस्टिंगमुळे निकामी झाल्या, हे मान्य. तथापि अर्जदाराने बारा पानी अर्ज स्वतः, सुवाच्य व एकसारख्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता भरला आहे, सबब बोटांची पकड पुरेशी दिसते.

अक्षर माझं आहे. शाळेतल्या सिस्टरनंतर माझ्या अक्षराचं असं लेखी कौतुक कोणी केलं नव्हतं. पहिल्यांदा वाचताना बरंच वाटलं. हे म्हणाले, अगं, तुझं अक्षर चांगलं म्हणून माझी बोटं चांगली, असं म्हणतायत ते. मग मी दुसऱ्यांदा वाचलं.

अपिलाला साठ दिवस आहेत. पुष्कळ झाले. या वेळी सगळं पद्धतशीर करणार.

४ फेब्रुवारी
ठराव: उद्यापासून ह्यांचं ह्यांनी करायचं. बटणं, नाड्या, दाढी, सगळं. मी फक्त बघायचं आणि वेळ लिहायची. बोर्डाला आकडे आवडतात.

तशी मी आत्ताही फारसं काही करत नाहीच. अर्जात विचारलं होतं, ‘दैनंदिन कामांत दुसऱ्याची मदत लागते का? असल्यास कोणती?’ मी लिहिलं, ‘किरकोळ.’ चार ओळींची जागा होती, एका शब्दात भागलं. मदतनीस भत्त्याचं खूळ ह्यांचं. म्हणतात, सकाळी कोणीतरी येईल आणि तुला झोपता येईल. मला पाचला जाग येतेच. सवय.

५ फेब्रुवारी, सकाळ
६.१० शर्टाला सुरुवात. ६.३५ दोन बटणं, दोन्ही शेजारच्या काजात. ६.४० दूध उतू जायला आलं म्हणून उठले, आणि उठलेच आहे तर उरलेली लावून टाकली. पहिली दोन काढून परत लावली. वाकडी बघवत नाहीत.

नाड्या मी बांधल्या, पण त्या बुटांच्या. त्याला वाकावं लागतं, ते या वयात कोणालाही अवघड. अंघोळीचं पाणी मी बघते, कारण ह्यांना कढत कळत नाही. एकदा पाय पोळला होता, तो मोजा चिकटला तेव्हा समजलं. दाढी ह्यांनी स्वतः केली. हनुवटीची. गालांची मी केली.

एकूण दिवस समाधानकारक.

९ फेब्रुवारी
अपील कार्यालय, खिडकी नंबर चार. कारकून आमच्या जावयाच्या वयाचा, चष्मा कपाळावर चढवून बोलतो. फाइल चाळली आणि म्हणाला, मावशी, अर्ज तुम्ही भरलात, मग शेवटच्या पानावरची चौकट रिकामी का? ‘अर्ज दुसऱ्याने भरला असल्यास त्याचं नाव.’ मी म्हटलं, एवढ्याशा गोष्टीला नाव काय लावायचं? आमच्या सिस्टर सांगायच्या, मदत करावी आणि बोलू नये. तो म्हणाला, तुमच्या सिस्टर चार नंबरला बसल्या नव्हत्या कधी.

आगाऊ आहे. पण चूक दाखवली ते बरं केलं.

मग म्हणाला, बोर्डात तीन डॉक्टर असतात, त्यांच्यासमोर कागदावर सही करावी लागते. नाही जमली तर सरळ अंगठा लावा काका, उलट बरंच आहे.

ह्यांच्या आधी मी बोलले. म्हटलं, ह्या माणसाने एकवीस वर्षं शस्त्रागाराच्या रजिस्टरवर सही केली आहे. ह्यांच्या सहीशिवाय एक गोळी बाहेर जात नव्हती. हे अंगठा लावणार नाहीत. तीन नंबरच्या रांगेतले लोकही वळून बघायला लागले. हे म्हणाले, चल आता.

१० फेब्रुवारी
नवी योजना. सही परत शिकवायची. बोर्डाच्या तारखेला चांगले सहा आठवडे आहेत. बोर्डाने बघत राहावं अशी सही करून घ्यायची. नीटनेटक्या माणसाचं लोक ऐकून घेतात, हा माझा आयुष्यभराचा अनुभव.

लेकीचा फोन. तिला सांगितलं. ती म्हणाली, आई, सही येत नाही हेच दाखवायचंय ना आपल्याला? म्हटलं, तुमच्या वेळी शाळेत अक्षराला मार्कच नव्हते, तुला नाही कळायचं. तिने फोन बाबांना द्यायला सांगितला. मी ह्यांच्या कानाशी धरला. दोघं हसत होते.

१२ फेब्रुवारी
चौरेघी वही आणली. दुकानातली बाई म्हणाली, कितवीत आहे? म्हटलं, पहिलीत.

पेन ह्यांच्या बोटांत राहत नाही, कारण पकडलंय की सुटलंय ते ह्यांना कळत नाही. खाली पडल्याचा आवाज आला की बघतात. माझ्या केसांचे जुने स्पंजचे रोलर होते, त्यातला एक पेनावर चढवला. गुलाबी आहे. हे म्हणाले, पलटणीने बघितलं तर काय म्हणेल? पण धरलं.

नमुन्यासाठी बिस्किटांच्या डब्यातून ह्यांचं पत्र काढलं. नोकरीच्या शेवटच्या, बर्फातल्या पोस्टवरचं, तिथलं अगदी पहिलं. चार पानं पाठपोट, आणि शेवटी ती सही. खाली लांब शेपटी, संपता संपता वर उडालेली. ते पत्र आलं तेव्हा मी सही आधी बघितली होती, मजकूर नंतर.

बाकीची पत्रं काढली नाहीत. ती पुढे पुढे तोकडी होत गेली. शेवटची तर नुसती ‘ठीक आहे, काळजी नसावी’, आणि सहीच्या जागी एकच अक्षर. लग्न जुनं झालं की पुरुषांचं असंच होतं. मी कधी विचारलं नाही. कुरकुर करणं आमच्या शाळेत बसत नव्हतं.

१९ फेब्रुवारी
आठवडा झाला. सही अजून शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखी. पण मुंगी योग्य दिशेला जाते आहे.

लांबूभाऊजी आले. ह्यांच्या पलटणीतले, प्रत्येक दारातून वाकून येतात म्हणून लांबू. त्यांचं अपील मागच्या वर्षी मंजूर झालं, त्यामुळे ते हल्ली सल्ले देतात. म्हणाले, वहिनी, आधी चार दिवस ह्याची दाढी करू नका. शर्ट बिनइस्त्रीचा. आणि आत गेल्यावर ह्याच्या हातातून फाइल पडू द्या, कागद गोळा करता करता दोन टक्के तिथंच मिळतात.

मी म्हटलं, भाऊजी, आमच्याकडे नाटकं जमत नाहीत. ते म्हणाले, करू नकाच वहिनी. चालू आहे ते बंद करा.

काय म्हणायचं होतं कळलं नाही. बघत मात्र होते. मी ह्यांचा कप ह्यांच्या तोंडाशी धरला होता. तो मी नेहमीच धरते, त्यात बघण्यासारखं काय आहे?

२८ फेब्रुवारी
माझा उजवा खांदा दुखतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काय उचलता? म्हटलं, काहीच नाही. म्हणाल्या, मग कोणाला उचलता? म्हटलं, उचलत नाही, अंघोळीच्या स्टुलावरून उठताना नुसता हात देते. त्यांनी कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं. अक्षर भयंकर.

वेळा लिहायचा ठराव मागे पडला आहे. सकाळी घड्याळ बघायला हात मोकळा नसतो.

७ मार्च
शोध लागला. ह्यांची बोटं आणि मनगट ऐकत नाहीत, पण खांदा ऐकतो. पेन मुठीत घट्ट अडकवायचं, डोळे टोकावर ठेवायचे आणि सगळा हात खांद्यातून फिरवायचा, भिंतीला रंग दिल्यासारखा. आज पहिलं अक्षर ओळखू आलं. मी लाल पेनने शेजारी चांदणी काढली. हे म्हणाले, किती चांदण्यांवर सुट्टी? म्हटलं, दहा.

रोज चाळीस सह्या होतात. नंतर इतके दमतात की जेवताना डोळे मिटलेले असतात. भरवायला सोपं जातं.

१५ मार्च
आज एकवीस चांदण्या. दुपारी पान उलटून द्यायला गेले तर ह्यांनी विचारलं, जमली सही, तर टक्के जातील ना गं? मी म्हटलं, डॉक्टर शिकलेले असतात, त्यांना आतलं कळतं. हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, बघू जमते का. अजून एक पान दे.

लेकीला सांगितलं की बाबांची प्रगती उत्तम आहे. ती म्हणाली, कशात?

२३ मार्च
उद्या बोर्ड. तयारी चोख. शर्टाला खळ घालून इस्त्री, बुटांत तोंड दिसेल असं पॉलिश, केस कापले, नखं कापली. फाइलला नवीन दोरा. ह्यांना आरशासमोर उभं केलं. परेडला निघाल्यासारखे दिसतात. मला हे असे दिसून किती वर्षं झाली. उगाच डोळ्यांत पाणी आलं, खळीचा वास असेल.

२४ मार्च
झालं एकदाचं.

मला आत सोडलं नाही. दाराची काच धुरकट. आत तीन गोल दिसत होते, ती डोकी. आणि एक उभा ताठ आकार. त्याचा खांदा फिरला. एकदाच.

हे बाहेर आले ते हसत. म्हणाले, एका दमात. शेपटीसकट. दारावरचा शिपाई म्हणाला, तिन्ही साहेबांनी कागद एकमेकांना दाखवला. मी म्हटलं, दाखवणारच.

परतताना पायऱ्या उतरताना हे घसरले, तळव्याला पायरीची कड कळली नाही. मी धरलं. कोणी बघितलं नाही.

२९ मार्च
निकालाची वाट. लांबूभाऊजींना काही सांगितलं नाही. ते आपल्या दोन टक्क्यांच्या फाइलीबद्दलच बोलत बसतात. आपल्याला तसल्या युक्त्यांची गरज पडली नाही.

१५ एप्रिल
बारा टक्के.

‘अर्जदाराने बोर्डासमोर केलेली स्वाक्षरी ओघवती व आत्मविश्वासपूर्ण. पेहराव नीटनेटका. पूर्वीच्या तपासणीच्या तुलनेत लक्षणीय सुधारणा.’

मी तीनदा वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, ती ओळ परत वाच. वाचली. ओघवती, असं म्हणाले. मग परत, ओघवती. दुपारभर खुशीत होते. पत्र काचेच्या कपाटात लावायला सांगितलं, पदकाच्या शेजारी. मी म्हटलं, अहो, आपण हरलो. हे म्हणाले, हो, ते कळलं मला.

चहा झाला नाही. कप मी धरायच्या आधीच ह्यांनी उचलला, आज आत्मविश्वास होता. फुटला. पोळलेलं ह्यांना कळलं नाही. मी बर्फ लावत होते, तेव्हाही हे कपाटाकडे बघत होते.

१७ एप्रिल
खचायचं नाही. वरचं अपील आहे, ते शेवटचं. फॉर्म आणला. सही चार ठिकाणी. आपल्याला आता सहीची काय चिंता?

१८ एप्रिल
जमली नाही. त्या दिवशीच्या भाजल्याची पट्टी आहे बोटाला, त्यामुळे.

१९ एप्रिल
पट्टी काढली. जमली नाही. उजेड कमी होता.

२१ एप्रिल
उजेड होता. खांद्यातून हात फिरवून झाला, पेन बदललं, रोलर बदलला, हिरवा लावला. वहीची सात पानं. मुंगीसुद्धा नाही. हे म्हणाले, ती एकच होती बहुधा. सगळी खर्च केली मी तिथं.

मी लाल पेन खणात ठेवलं.

२३ एप्रिल
आली तशी सही करून फॉर्म पाठवला. सगळा फॉर्म मीच भरला, नेहमीसारखा. शेवटची चौकट या वेळी भरणार होते. पण आधी सहीची अशी दशा, त्यात खाली माझं नाव, म्हणजे ह्यांना काहीच येत नाही असं दिसलं असतं. मदतीच्या रकान्यात ‘किरकोळ’ खोडून ‘क्वचित’ लिहिणार होते. खोडलं नाही. खाडाखोड होते.

२ मे
फॉर्म परत. शेरा: ‘स्वाक्षरी बोर्डासमोरील स्वाक्षरीशी जुळत नाही.’

खिडकी चारला गेलो. कारकुनाने दोन्ही कागद शेजारी ठेवले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि बराच वेळ बघितलं. मला वाटलं, हसेल. हसला नाही. म्हणाला, मावशी, ही चांगली सही कशी काय केली होती? मी सांगितलं. वही, रोलर, चांदण्या, सगळं. तो म्हणाला, अरे देवा.

मग म्हणाला, आता असं करा. घरात काकांच्या जुन्या सह्या असतील, पोस्टिंगच्या काळातल्या, तारखा असलेल्या, तेवढ्या आणा, तारखेप्रमाणे लावून. आणि काका, रागावू नका, या वेळी अंगठा. मुदत सहा तारखेपर्यंत आहे.

मी बोलायला तोंड उघडलं. हे म्हणाले, बरं.

६ मे
सकाळी ह्यांचं आवरून झाल्यावर डबा काढला. पत्रं पलंगावर तारखेप्रमाणे लावली. दोन हिवाळ्यांची, एकूण तेवीस.

मी ती कधी अशी लावली नव्हती. एकेक यायचं, वाचायचं, रुसायचं, डब्यात टाकायचं. ओळीत लावल्यावर वाचावीच लागली नाहीत. पाचव्या पत्रात सहीची शेपटी खाली लोंबली होती. नवव्यात शेपटी नाही. अक्षरं आधी मोठी होत गेली, मग एकमेकांवर चढायला लागली. पानं चार, मग दोन, मग अर्धं. चौदाव्या पत्रात कागदाला पेनाने भोक पडलं आहे. ते मी इतकी वर्षं उंदराचं समजत होते. तेविसावं, ‘ठीक आहे, काळजी नसावी’. आणि ते एक अक्षर.

हे दारात उभे होते. मी विचारलं, तेव्हा लिहीत का नव्हता तुम्ही? म्हणाले, लिहीत होतो की. हे शेवटचं तीन दिवस लिहीत होतो.

आणि त्या वर्षी हे सुट्टीत घरी आल्यावर मी ह्यांच्याशी आठवडाभर नीट बोलले नव्हते.

म्हटलं, सांगायचं नाही का? हे म्हणाले, लिहून सांगणार कसं? आणि हसले. मग म्हणाले, घरी आलो तेव्हा तू आपणहून बटणं लावायला लागलीस. मला वाटलं, तुला कळलंय.

मला काहीच कळलं नव्हतं. मला वाटलं होतं, लाडात आले आहेत.

दुपारी खिडकी चार. नवा फॉर्म तिथंच उभ्याने भरला, कठड्यावर. चौकटीत माझं नाव घातलं, पुढे ‘पत्नी’. मग तो रकाना, मदत लागते का, असल्यास कोणती. बटणं लिहिली. नाड्या, दाढी, अंघोळ, पाणी बघणं, कप, घास, पानं उलटणं, फोन, चेन, कंगवा, किल्ली, पायऱ्या. चार ओळी पहिल्या मिनिटात संपल्या. ‘जागा अपुरी पडल्यास वेगळा कागद जोडावा’ असं खाली छापलं आहे, ते मी बारा पानांत कधी वाचलं नव्हतं. कारकुनाने कागद दिला. थोड्या वेळाने आणखी एक दिला. मागच्या रांगेतलं कोणी कुरकुरलं तर त्याला म्हणाला, थांबा हो, त्या लिहितायत.

मग शाईचा पॅड. ह्यांचा अंगठा मी धरला आणि कागदावर टेकवला. हे म्हणाले, टेकला का? म्हटलं, टेकला. ह्यांना खरं वाटलं नाही, आणखी दाबला. शाई पसरली, माझ्या नावावर गेली.

कारकून म्हणाला, दोन नंबरला दुसरा फॉर्म मिळेल, मावशी, सावकाश स्वच्छ करून आणा, मी थांबतो. मी फॉर्मकडे बघितलं. पानभर वेडीवाकडी अक्षरं, दोन ठिकाणी खाडाखोड, आणि तो डाग. म्हटलं, नको. असाच घ्या.

संध्याकाळी ५.१० ते ५.२५, अंगठ्याची शाई साबणाने काढली. मी काढली.